आत दोन इंच माया

११ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहावं की नाही यात एक कागद वाया गेला. लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, ही काहीतरी मागायला आली. नाही लिहिलं तर आई रागावणार, कारण पाकीट बंद करण्याआधी ती वाचणार आहे. म्हणून नुसतं 'दादा'. अकरा वर्षांनंतर एवढंही पुष्कळ झालं.

तुझा पत्ता फिटरने दिला. तुझ्याबरोबर कारखान्यात होता तोच, बोलताना डोळे मिचकावणारा. मुलीच्या लग्नासाठी कोट शिवायला आमच्या दुकानात आला होता. छातीचं माप घेता घेता मी सहज विचारल्यासारखं केलं, "आमच्या दादाचं काही कळतं का?" तर म्हणतो, "कळतं म्हणजे? दर महिन्याला बोलतो की. तिकडेही लेथवरच आहे. पोट सुटलंय जरा." मी टेप एवढा आवळला की बिचारा खोकायला लागला. कोटाच्या शिलाईत त्याला सूट दिली आणि वर चार शब्द सुनावले. तूच त्याला शपथ घातली होतीस म्हणे. बरं.

मी काही मागायला लिहीत नाही. फक्त कळवायचं आहे.

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आई आणि मी नऊ वर्षं भाड्याने राहतोय. पहिला मजला, बावीस पायऱ्या. खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे दिवसभर एकसारखा उजेड असतो, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने टीप घालतानाही दिवा लावावा लागत नाही. ह्या खिडकीसाठी मी घरमालकाची सगळी बोलणी ऐकून घेतली. आता तो खोल्या विकतोय. परवा वर आला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "ताई, पहिला हक्क तुमचा. महिनाअखेरीला काय ते सांगा. नाहीतर मेअखेर खोल्या मोकळ्या करून द्या."

माझी शिल्लक, नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले आणि आईच्या दवाखान्यासाठीचे, सगळं एकत्र केलं तर सुरुवातीची रक्कम बरोब्बर भरते. बरोब्बर म्हणजे वर उरतात ते बसच्या तिकिटापुरते. बाकीचं बँक द्यायला तयार आहे. हप्ता फेडायला महिन्यातले माझे चौदा दिवस जातील. मी पैसे दिवसांतच मोजते, मला तेच कळतं.

आईने कपाट कुठे ठेवायचं ते ठरवूनही टाकलंय. काल म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या भिंतीत खिळा मारायचा तर आधी विचारायचं. मरण्याआधी मला एक खिळा कुणाला न विचारता मारू दे." खालचा सायकलवाला रोज हटकतो, "घेऊन टाका ताई, भाडं म्हणजे पाण्यात." सगळी दुनिया घेऊन टाका म्हणतेय.

तू एकदा घर घेतलं होतंस, म्हणून विचारते. नाही, विचारत नाही. कळवते.

तुझी बहीण

ता.क. आईने वाचलं. म्हणाली, त्याला विचार, तो हल्ली सकाळी काही खाऊन निघतो का. विचारलं.


१ मार्च

दादा,

नाही म्हणून आले.

घरमालकाचा चेहरा बघायला हवा होतास. त्याने पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. म्हणाला, "ताई, पैसे आहेत ना तुमच्याकडे?" म्हटलं, "आहेत." "बँक देतेय ना?" म्हटलं, "देतेय." "मग अडलंय कुठे?" म्हटलं, "बसता येत नाही." त्याने खुर्ची पुढे केली!

तुला नीट सांगते. परवा मास्तरांपाशी बोलले. मास्तर म्हणजे आमच्या दुकानाचे मालक, मला कात्री धरायला शिकवली ते. आता ऐकू कमी येतं, पण हात अजून पक्का आहे. त्या वेळी त्यांच्यासमोर एक जाडा माणूस पॅन्टची ट्रायल देत होता. आरशासमोर उभा राहिला, श्वास आत घेतला आणि खूश झाला. "एकदम फिट!" मास्तर म्हणाले, "आता बसा." तो म्हणाला, "कशाला? बसतेय की छान." मास्तरांनी स्टूल सरकवलं. "साहेब, तुम्ही ही घालून जेवायला बसणार आहात की नुसतं आरशासमोर उभं राहणार आहात?" तो बसला. मागची शिवण अशी बोलली की रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं.

मी हसले आणि हसता हसताच लक्षात आलं. ते घर मी उभ्यानेच मापलं होतं. श्वास आत घेऊन. सगळे महिने चांगले जातील, हात दुखणार नाही, मशीन बिघडणार नाही, आई ठणठणीत राहील, असं धरून. शिवणीत कापड जास्तीचं ठेवतात, माणूस अंगाने सुटला तर कपडा सैल करता यावा म्हणून. माझ्या हिशेबात ते एक दोराभरही नव्हतं.

आणि तुझं घर आठवलं. आठवायला नको होतं, पण आठवलं. गॅलरीच्या तीन खोल्या. तुझ्या कारखान्यात तेव्हा ओव्हरटाइम जोरात होता. तो पगारात धरून तू हप्ता ठरवलास, आणि चार महिन्यांत ओव्हरटाइम बंद झाला. दीड वर्षात बँकेचं कुलूप लागलं. माझ्या नव्या मशीनचे पैसेही त्यातच गेले. मी तेव्हाच सांगत होते तुला, घाई करू नकोस म्हणून. तू ऐकलं नाहीस. असो. उकरून काढायला हे लिहीत नाही.

आता मी काय करतेय ते सांगते. पक्की टीप मारण्याआधी आम्ही कच्चा टाका घालतो, हाताने, लांब लांब. ट्रायल झाली की काढून टाकायचा. तसा मी हप्त्याचा कच्चा टाका घातलाय. घर घेतलंच आहे असं समजून दर महिन्याच्या पाच तारखेला हप्त्याएवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. भाडं त्यातून वजा, कारण घर असतं तर भाडं नसतं. आणि त्या खात्याला हात लावायचा नाही. मंदीच्या महिन्यांतही टाकायचे. वर्षभर बसून बघायचं, शिवण कुठे बोलते ते.

आई माझ्याशी बोलत नाही. परवापासून तिचं सगळं बोलणं सायकलवाल्याशी आहे, तेही वरून, खिडकीतून.

तुझी बहीण


१९ मे

दादा,

हे पत्र आईने वाचलेलं नाही. तिला सांगितलंय की मी गिऱ्हाइकाचं बिल लिहितेय.

आम्ही खोल्या सोडल्या. आता गल्लीच्या टोकाला एका खोलीत आहोत. खिडकी भिंतीकडे उघडते, दुपारीही दिवा लागतो. उत्तरेची खिडकी सोडताना मी रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. आई मार्चमध्येच, बाराव्या दिवशी बोलली. पहिलं वाक्य होतं, "मीठ संपलंय."

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल बँकेत गेले होते. आता घाई नाही, म्हणून निवांत विचारून यावं, की छोटं घर बघितलं तर किती कर्ज झेपेल. कर्जाच्या टेबलावर एक बाई बसते, चष्मा साखळीला अडकवलेला. ती भराभरा विचारत गेली. उत्पन्न किती, शिल्लक किती, आणखी कुठलं कर्ज आहे का. मग म्हणाली, "छोट्या घराला लागतं त्यापेक्षा तुम्हाला बरंच जास्त मिळू शकेल, ताई." मी म्हटलं, "जास्त नको. मला माया ठेवून सांगा."

तिचा हात थांबला. इकडेतिकडे बघितलं, पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, माया जमवली असेल तर चांगलंच आहे. पण ती कुठून आली हे इथे मोठ्याने बोलू नका. इथे फक्त कागदावरचं उत्पन्न."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने हसले की रखवालदार आत आला. म्हटलं, "अहो बाई, ती माया नव्हे! शिवणीतली!" आणि तिथेच बाही उलटी करून दाखवली तिला. "हे बघा, टिपेच्या आत हे जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. हप्ता भरूनही माझ्यापाशी एवढं उरायला हवं." ती पण हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं काळा पैसा! एरवी हा शब्द मी सासूच्याच तोंडून ऐकते. माझ्यात माया नाही म्हणते ती."

हसत हसत बाहेर आले, दादा, आणि बँकेच्या पायऱ्यांवर मधेच थांबले. तिथेच बसले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

घर सोडायच्या दिवशी तू स्टुलावर उभा राहून पंखा उतरवत होतास. आई खाली टेम्पोत बसली होती. मी दारात उभी होते. काय म्हणाले मी? शब्द न् शब्द आठवतो. "ह्या घरात माया नव्हतीच, दादा. पहिल्या दिवसापासून नव्हती. मला तेव्हाच दिसायला हवं होतं."

तू खाली उतरलास. स्क्रूड्रायव्हर खिडकीत ठेवलास. माझ्याकडे बघितलंस, एवढंही म्हणाला नाहीस की असं का बोलतेस. बॅग उचललीस आणि गेलास. पंखा एका स्क्रूवर लोंबत होता. नंतर मीच उतरवला.

अकरा वर्षं मी समजत होते की तुला तुझी चूक दाखवली म्हणून तू फुरंगटलास. मी शिवणीतलं बोलत होते रे. हिशेबात जास्तीचं कापड ठेवलं नव्हतं, एवढंच. मी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलते. बाहीला माया किती, कमरेला माया किती. माझ्या लक्षातच आलं नाही की लेथवरच्या माणसाला हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक असतो.

दोन पाळ्या करून येऊन तू आईची खोली रंगवली होतीस. तिला धरायला न्हाणीघरात पाइप बसवला होतास, तिच्या उंचीला मोजून. आणि मी दारात उभी राहून तुला सांगितलं की त्या घरात माया नव्हती.

नुसती होती असं नाही. फार होती, दादा. पैशांना पुरली नाही, एवढंच.

तुझी बहीण


२२ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. पण माझी पत्रंही परत आलेली नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतंय. फिटरला विचारलं तर म्हणतो, "मला ह्यात ओढू नका, ताई, एकदा टेप आवळलात तेवढं पुरे."

आई जूनमध्ये पडली. घाबरू नकोस, आता चालते. ह्या खोलीच्या मोरीचा उंबरा उंच आहे. पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. तुझा तो पाइप इथे नव्हता. मी दुकानात होते. शेजारणीने धावत येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातात नवरदेवाच्या कोटाची कॉलर होती, ती तशीच हातात घेऊन दवाखान्यात पोचले. पहिले दोन दिवस एकच डोक्यात होतं, की मी घराला नाही म्हणाले म्हणून आपण ह्या खोलीत आलो, आणि म्हणून ती पडली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा आकडा सांगितला. मी म्हटलं, "करा." एवढंच, दादा! कुणाला फोन नाही, कुणाच्या दारात उभं राहणं नाही, मास्तरांकडे उचल नाही. काउंटरवर पैसे भरताना माझी मान ताठ होती, आणि आई आत स्ट्रेचरवर असताना ती ताठ होती याची मला लाजही वाटली. पण होती, हे खरं.

जून आमचा मंदीचा महिना. त्यात मी तीन आठवडे दुकानात नव्हते. तरी पाच जुलैला कच्च्या टाक्याचा हप्ता गेला. पाच ऑगस्टलाही गेला. शिवण कुरकुरली, पण तुटली नाही.

आईने शुद्धीवर आल्यावर आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "ते घर घेतलं असतंस तर दवाखान्याचे पैसे कुठून आणले असतेस?" म्हटलं, "घर विकून." मग म्हणाली, "आणि त्या बावीस पायऱ्या कोणी चढल्या असत्या, तुझ्या बापाने?" म्हणजे समजलास ना, माफ केलं मला.

आता तुला एक सांगायचंय. मार्चच्या पत्रात मी लिहिलं, मी तुला घाई करू नकोस म्हणत होते. खोटं आहे ते. मी असं काहीच म्हणाले नव्हते. तूच दोनदा माझ्याकडे आला होतास, ओव्हरटाइम बंद झाला तर काय करायचं म्हणून. आणि मी म्हणाले, "तुझं आपलं नेहमीचंच रडगाणं. घेऊन टाक." पडद्याचं कापडसुद्धा मीच आधी आणून ठेवलं होतं, पिवळं, बारीक फुलांचं. मला गॅलरी हवी होती, दादा. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी सांगत होते. इतक्यांदा सांगितलं की खरं वाटायला लागलं.

दवाखान्यात आई गुंगीत तुला हाका मारत होती. मी 'ओ' दिली. तिला कळलं नाही. मला कळलं.

तुझी बहीण


३० नोव्हेंबर

दादा!

घेतलं!

घेतलं, घेतलं, घेतलं. तीनदा लिहिलं, कारण नोंदणी कार्यालयात तीन ठिकाणी सही केली.

लॉन्ड्रीच्या मागे आहे. तळमजला, एकही पायरी नाही. एक खोली मोठी, एक एवढीशी, आणि मागे कपडे वाळवण्यापुरती जागा. गॅलरी नाही. कुणी बघायला आलं तर नाक मुरडेल, मुरडू दे. दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास येतो, तो मला लहानपणापासून आवडतो. आणि खिडकी, दादा! मोठ्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. मी आत शिरल्याबरोबर खिशातला काळा दोरा काढून काळ्या चिंधीवर धरला. दिसला! दलालाला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, कसं कळलं की आता घेण्यासारखे झालोत ते. मला वाटायचं काहीतरी घंटा वाजेल, छाती धडधडेल. छाती तर फेब्रुवारीतच धडधडत होती. ह्या वेळी काहीच झालं नाही. हे घर स्वस्त, त्यात वर्ष भरलं नसलं तरी नऊ महिन्यांच्या कच्च्या टाक्याचे पैसे साठलेले, त्यामुळे हप्त्याला महिन्यातले माझे आठच दिवस जातात. सुरुवातीची रक्कम भरली, नोंदणीची भरली, रंगाऱ्याची बाजूला काढली आणि पासबुक उघडलं. त्यात सात महिन्यांचा खर्च तसाच. आईच्या दवाखान्याचे वेगळे. मशीनचे वेगळे. मी बँकेच्या बाकावर बसले आणि लक्षात आलं की मी श्वास आत घेतलेला नाही. सरळ चालू आहे. चष्म्याच्या साखळीवाल्या बाईने विचारलं, "काय ताई, माया उरली का?" म्हटलं, "उरली!" ह्या वेळी रखवालदारही हसला.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "व्यवसाय?" म्हटलं, "शिंपी." "नवऱ्याचा नव्हे, तुमचा." म्हटलं, "माझाच. नवराच नाही, तर त्याचा कुठून आणू?" साक्षीदार म्हणून मास्तर आणि फिटर आले होते. मास्तरांना ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी नको त्या ठिकाणी सही केली आणि एक पान परत टाइप करावं लागलं. फिटर नव्या कोटात आला होता. कोट फार छान बसलाय त्याला, आणि मी बघत होते, तो सारखा बसून उठून दाखवत होता मला.

किल्ली मी आईच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "एवढीशी?" मग काठी टेकत टेकत आत गेली, एका भिंतीपाशी थांबली, पदराच्या गाठीतून खिळा काढला. खिळा, दादा! फेब्रुवारीपासून जपून ठेवला होता. मी म्हटलं, "थांब, रंग व्हायचाय अजून." तर म्हणते, "तुला विचारलं का?" लॉन्ड्रीतून वरवंट्याएवढी जुनी इस्त्री मागवली आणि तिनेच ठोकला. वाकडा. त्यावर काहीच टांगलेलं नाही आणि टांगू देत नाही. शेजारपाजारच्यांना बोलावून नुसता खिळा दाखवते.

न्हाणीघरात पाइप बसवायचाय. माणूस येऊन गेला, उंची किती विचारत होता. मी म्हटलं, ती आमच्या दादाला ठाऊक आहे.

तुझी बहीण


१४ डिसेंबर

तीर्थरूप दादास,

काल पार्सल आलं.

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण गाठ बघूनच कळलं. असली गाठ फक्त तूच मारतोस, कात्रीशिवाय सुटत नाही. आत तपकिरी पॅन्ट. मी शिवलेली, गॅलरीच्या घराचा ताबा मिळाला त्या दिवशी तू घातली होतीस ती. गुडघ्यांवर विरली आहे, खिशाचे काठ पांढरे पडलेत, पण इस्त्री करून घडी घातलेली. आणि खिशात चिठ्ठी, वर्कशॉपच्या कागदावर, तेलाच्या बोटांसकट:

"कंबर वाढली आहे. आत माया असली तर सैल करून दे. पाइप जमिनीपासून सव्वातीन वीत, माझ्या वितीने. खाऊन निघतो म्हणून सांग."

आईने ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. मोठ्याने वाचली, मग मनात वाचली. मग म्हणाली, "बघ ना आत. असली तर म्हणतोय तो. बघ लवकर."

मी उत्तरेच्या खिडकीत बसले. कमरेची पट्टी सोडवली, मागची शिवण उसवायला घेतली. दादा, मला आठवत नव्हतं. तेव्हा मी कामात नवी होते, कापडात काटकसर करायची सवय होती, आणि तुझ्याकडे तेव्हा नुसती हाडं होती. ठेवली असेल की नाही, मला खरंच आठवत नव्हतं. एकेक टाका काढताना छाती जशी धडधडत होती, तशी नोंदणीच्या दिवशीही धडधडली नाही. आई काठी धरून डोक्याशी उभी.

आहे, दादा. पूर्ण दोन इंच आहे. बाहेरचं कापड विटून गेलंय, पण आतलं अगदी त्या दिवशीसारखं तपकिरी. आईने ते बोटांनी चाचपून बघितलं आणि खिळ्याच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तर मशीनवर डोकं टेकून मनसोक्त रडले. लॉन्ड्रीवाल्याने विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "काही नाही. माप जुळलं."

पॅन्ट सैल केली आहे. पण पार्सलने पाठवणार नाही. ट्रायल घेतल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देत नाही, आणि मास्तरांची शिष्य आहे, तेव्हा उभं राहून चालणार नाही. खिडकीशी खुर्ची ठेवली आहे. येताना तुझी वीत घेऊन ये, पाइपवाला सोमवारपर्यंत थांबलाय.

सध्या कमरेला कच्चा टाका घातलाय. तू ह्या घरात बसून दाखवलंस की पक्की टीप मारते.

तुझी धाकटी बहीण